चावी दिली म्हणून सुटका नाही

केजमध्ये अपार्टमेंट ही तशी अलीकडची गोष्ट. पूर्वी भाड्याने राहायचं म्हणजे वाड्यातल्या दोन खोल्या. चौक सामाईक, नळ सामाईक, आणि घरमालकीणबाई ओसरीवरच बसलेल्या. कुणाचा रेडिओ जास्त वाजला की त्या जागेवरूनच आवाज द्यायच्या आणि विषय संपायचा. आता घरमालक पुण्यात, भाडेकरू तिसऱ्या मजल्यावर आणि वैतागलेले शेजारी जिन्यात, अशी त्रिस्थळी यात्रा झाली आहे. या तिघांच्या मधोमध बरीच वर्षं माझं टेबल आहे.

मी दस्तलेखक. खरेदीखत, हक्कसोड, वाटणीपत्र, भाडेकरार हेच रोजचं काम. धारूर रस्त्याकडच्या एका बारा फ्लॅटच्या इमारतीत राहतो, आणि कागद समजतात म्हणून तिथलं सेक्रेटरीपणही लोकांनी गळ्यात घातलं. म्हणजे दिवसा घरमालकाचा करार लिहायचा आणि संध्याकाळी त्याच करारातल्या भाडेकरूची तक्रार ऐकायची.

आमच्याकडे फ्लॅट भाड्याने देणारे बहुतेक मालक इथे राहतच नाहीत. कुणी शिक्षक निवृत्त होऊन पोराकडे पुण्याला गेले, कुणाची छत्रपती संभाजीनगरला बदली झाली, कुणी शेती विकून गुंतवणूक म्हणून फ्लॅट घेतला आणि कुलूप लावून ठेवला. भाड्याने घेणारे बँकेतले, महावितरणचे, दवाखान्यातले, रस्त्याच्या कामावर आलेले. करार लिहायला बसलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "कूळ तर लागणार नाही ना?" कूळकायदा शेतजमिनीचा, फ्लॅटशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण मराठवाड्यात ज्यांच्या आज्याची जमीन कुळाला गेली, त्यांच्या मनातून ती भीती जात नाही. १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा इथे १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा येईपर्यंत चालला. त्या काळात भाडेकरूला काढता न आल्याच्या गोष्टी घरोघर आहेत.

या भीतीचा परिणाम कागदावर दिसतो. करारात वीस-बावीस कलमं असतात. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, गिझर बिघडला तर स्वखर्चाने दुरुस्त करायचा, अकरा महिन्यांनी विनातक्रार ताबा द्यायचा. सगळी कलमं मालकाच्या भिंतीची आणि मालकाच्या पैशाची. ज्याच्या डोक्यावर हा भाडेकरू रात्री खाट ओढणार आहे, त्या खालच्या माणसाबद्दल एक ओळ नसते. मीही वर्षानुवर्षं तोच मसुदा पुढे चालवत होतो, कारण गिऱ्हाईक मालक होता आणि पैसे तोच देत होता.

विचार करायला लावलं ते रस्त्याच्या कामावरच्या मंडळींनी. महामार्गाचं काम जोरात होतं तेव्हाची गोष्ट. एका ठेकेदाराच्या सुपरवायझरने आमच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. करारावर नाव एकट्याचं. आठवड्याभरात आत अकरा-बारा जण राहायला आले. बिचारे कष्टकरी, परमुलखातले. पण त्यांची पाळी रात्री दोनला सुटायची आणि दोनला जिन्यात गमबुटांचा आवाज सुरू व्हायचा. सगळे एकदमच आंघोळी करायचे. पहाटे पाचला पहिल्या मजल्यावरच्या ताई नळ सोडायच्या तर नुसती हवा. पार्किंगमध्ये पिकअप आडवी लावलेली. मालकाला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "सर, भाडं एक तारखेला खात्यावर पडतंय. मी इथं पुण्यात बसून काय करू सांगा? तुम्हीच बोला त्यांच्याशी."

हे वाक्य मी इतक्या मालकांकडून ऐकलं आहे की त्यांना ते कुणी शिकवतं की काय असं वाटावं. भाडं माझं, भांडण तुमचं.

आम्ही त्या पोरांशी बोललो, त्यांनी मान डोलावली, दोन दिवस गमबूट खाली काढले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांचा तरी काय दोष? त्यांना ठेकेदाराने तिथे टाकलं होतं. इमारतीत काही पोरं टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला निघाली होती. त्यांना मी अडवलं. पाणी-वीज तोडून माणूस घालवायचा हा आपल्याकडचा जुना उपाय. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मालकालासुद्धा तसं करायला मनाई आहे. तिथे शेजाऱ्यांनी ते करणं म्हणजे गुन्हा आपल्या अंगावर घेणं.

मग मी इमारतीचं घोषणापत्र शोधायला लागलो. फ्लॅट घेताना लोक फरशी बघतात, पार्किंग बघतात, पूर्वेला दार आहे का ते बघतात. घोषणापत्र कुणी बघत नाही. आमच्या बारा घरांत एकाकडेही ते नव्हतं. रजिस्ट्रीतून नक्कल काढली. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम १९७० चा. त्याखाली बिल्डर जमीन आणि इमारत कायद्याला लावून देतो ते हे घोषणापत्र, आणि इमारतीची उपविधी त्यालाच जोडलेली असते. प्रत्येकाच्या खरेदीखतात त्याचा उल्लेख असतो. फ्लॅट तुमच्या एकट्याचा, पण जिना, गच्ची, टाकी, बोअर, पार्किंग यांत प्रत्येकाचा टक्केवारीने ठरलेला अविभक्त हिस्सा. वाटून मागता येत नाही आणि फ्लॅटपासून सोडवून विकताही येत नाही.

नक्कल वाचताना माझ्या डोक्यात जे आलं ते साधं होतं. फ्लॅटच्या आतली जागा मालक भाड्याने देतो, कबूल. पण त्याच चावीबरोबर तो बाकी अकरा जणांच्या हिश्शाची टाकी आणि जिनाही एका परक्या माणसाला वापरायला देतो, आणि त्याचं भाडं मात्र एकटा घेतो. मग त्या वापराची जबाबदारी अकरा जणांवर कशी टाकता येईल? १९७० च्या कायद्यातही हेच आहे. कलम ७ प्रमाणे प्रत्येक मालकाने उपविधी काटेकोर पाळायची, आणि नाही पाळली तर मालकांची असोसिएशन, किंवा योग्य प्रकरणात एखादा बाधित मालकसुद्धा, नुकसानभरपाई आणि मनाई हुकुमासाठी कोर्टात जाऊ शकतो. भाडेकरूही या कायद्यातून सुटत नाही. जो कुणी मिळकत वापरतो त्याला घोषणापत्र आणि उपविधी लागू. फक्त भाडेकरूने आपल्यासमोर कधी सही केलेली नसते. ती मालकाने केलेली असते. म्हणून दार ठोठावायचं ते मालकाचं.

मी मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र लिहिलं. शिवीगाळ नाही, विनवणी नाही. तारखा, वेळा, किती माणसं, पिकअप कुठे, टँकरचा जादा खर्च किती, उपविधीतली ओळ आणि कलम ७. पत्र मिळाल्यावर ते गृहस्थ पहिल्यांदा स्वतःहून केजला आले. रागातच आले होते. पण नक्कल वाचून शांत झाले. ठेकेदाराला त्यांनी दुसरी जागा बघायला लावली आणि टँकरचे पैसे डिपॉझिटमधून वळते केले. यात कोर्ट नाही, वकील नाही. पोलिसांकडेही जावं लागलं नाही. गेलो असतो तर ही दिवाणी बाब आहे असंच ऐकलं असतं, आणि ते बरोबरही असतं.

इथे एक कबूल केलं पाहिजे, की आमची इमारत नशीबवान. केजसारख्या गावात कितीतरी इमारतींना घोषणापत्रच नाही, सोसायटीही नोंदलेली नाही. बिल्डरने सुटी खरेदीखतं करून दिली आणि तो मोकळा झाला. तिथे नियम म्हणजे ज्याचा आवाज मोठा तो. सहकारी सोसायटी असेल तर निदान आदर्श उपविधी तरी असते : सभासदाने घर भाड्याने देताना आठ दिवस आधी सोसायटीला कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. तिथे स्वतः न राहणाऱ्या मालकाकडून बिगरभोगवटा शुल्क घेता येतं, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नाही. सरकारने २००१ साली ही मर्यादा घातली, कारण मुंबईकडच्या सोसायट्या मनाला येईल ते आकडे लावत होत्या. ही मर्यादा मला योग्य वाटते. भाड्याने देणं हा मालकाचा हक्क आहे, गुन्हा नाही. त्याला दंड लावून पैसे कमवायचे नसतात.

पाण्याचं प्रकरण मात्र आमच्याकडे सगळ्यांत अवघड. मांजरा धरण आमच्याच तालुक्यात धनेगावला आहे, आणि त्याच धरणावरच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, यावरून इथल्या उन्हाळ्याची कल्पना यावी. एप्रिल लागला की बोअर गचके खायला लागतं आणि टँकर सुरू होतो. टँकरचे पैसे फ्लॅटमागे सारखे वाटायचे. भाडेकरूकडे मागायला गेलं की, "मेंटेनन्स मालक देतात, त्यांना विचारा." मालकाला फोन केला की, "पाणी मी पितो का तिथं? वापरतो तो देईल." दोघांचंही बोलणं ऐकायला ठीक वाटतं, आणि पैसे मात्र दोघांकडूनही येत नाहीत. शेवटी ते बाकीच्यांनी भरायचे. एका उन्हाळ्यात चार फ्लॅट भाड्याने होते आणि चारही घरांनी हेच केलं. मे महिन्याच्या मध्यावर टँकरवाल्याने उधारी बंद केली. त्या दिवशी गच्चीवर जी सभा झाली तिच्यात मालक विरुद्ध भाडेकरू अशी सरळ फूट पडली, आणि जिचा काहीच दोष नव्हता ती बँकेतल्या साहेबांची बायको सगळ्यांसमोर रडली.

त्यानंतर ठराव केला : असोसिएशन फक्त मालकाला ओळखते. बिल त्याच्या नावाने, थकबाकी त्याच्या नावाने; भाडेकरूशी त्याचा काय हिशेब असेल तो त्याने बघावा. ऐकायला हे कठोर आहे, पण याने भाडेकरूंचीच जास्त सुटका झाली. त्यांच्या दारावर पैशासाठी जाणं बंद झालं, आणि जिन्यात भेटल्यावर लोक पुन्हा "जेवण झालं का" विचारायला लागले.

आता दुसरी बाजू. त्रास देणारा भाडेकरू म्हणून माझ्याकडे ज्या तक्रारी आल्या त्यातल्या बऱ्याच त्रासाच्या नव्हत्याच. एक दवाखान्यातली सिस्टर एकटी राहायची. तिची रात्रपाळी. इमारतीतल्या तिघा-चौघांनी येऊन सांगितलं, "बाई रात्री-अपरात्री येते, वातावरण बिघडतंय, मालकाला नोटीस काढा." मी वही पुढे केली आणि म्हणालो, नोटिशीला तारीख, वेळ आणि नेमकं काय केलं ते लागतं; लिहा. पहिल्याने पेन घेतला. तारीख लिहिली. वेळ लिहिली, ११.४०. मग थांबला. जिन्याचा दिवा लावला, कुलूप काढलं, आत गेली. यापलीकडे त्याने काही पाहिलंच नव्हतं. वही दुसऱ्याकडे गेली, तोही घुटमळला. "जाऊ द्या काका, आपण तोंडी सांगू," असं म्हणून सगळे उठले. तोंडीही कुणी काही सांगितलं नाही. ती सिस्टर पुढे बदली होईपर्यंत तिथेच राहिली, आणि तक्रार करणाऱ्यांपैकी एकाच्या वडिलांना सलाईन लावायला रात्री तिलाच उठवलं गेलं.

आडनावाचंही तेच. करार लिहायला आलेला मालक भाडेकरूच्या नोकरीआधी त्याचं गाव आणि आडनाव विचारतो. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोलून दाखवत नाही. आडनाव पटलं नाही की "घर दिलं गेलं" एवढंच उत्तर मिळतं. पुढे हेच मालक आणि हेच शेजारी मटणाच्या वासाला उपद्रव म्हणतात. मी सरळ सांगतो : वास म्हणजे उपद्रव नाही. तसं असतं तर हिंग-लसणाची फोडणी घालणारं प्रत्येक घर खाली करावं लागलं असतं. शेजाऱ्याला उपद्रव किंवा त्रास देणारं वर्तन हे भाडेकरूला काढायचं एक कारण १९९९ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. पण तिथे वर्तन म्हटलं आहे, आणि ते कोर्टासमोर पुराव्याने दाखवावं लागतं. आडनावाला आणि स्वयंपाकाला ते लागू होत नाही.

आणि घरमालक स्वतः राहत असला म्हणजे शांतता असते, हाही एक गैरसमज. आमच्या इमारतीत रात्री सगळ्यांत मोठा आवाज झाला तो एका मालकाच्याच घरच्या हळदीला. पार्किंगमध्ये डीजे, रात्रीचा एक. दहा ते सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचा नियम २००० सालापासून आहे, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण मालकाच्या लेकीची हळद, कोण बोलणार? भाडेकरूंपैकी एकानेच ११२ ला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याला खाली करायला सांगा म्हणून तीन फ्लॅटमालक माझ्याकडे आले. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

खरं तर केजमधल्या निम्म्या तक्रारखोरांनी एकदा लातूरला जाऊन यावं. इथली कितीतरी कुटुंबं पोरांच्या शिकवणीसाठी लातूरला भाड्याने राहतात. जी ताई इथे भाडेकरूच्या पोरांच्या चपला मोजते, तिलाच तिथला सेक्रेटरी "चपला आत काढा" म्हणून ऐकवतो. तिनेच मला एकदा विचारलं होतं, आम्हाला पार्किंग वापरू देत नाहीत, कायदा काय म्हणतो? कायदा म्हणतो की मालकाचा जो हक्क आहे तो त्याने तुम्हाला दिला असेल तर मिळेल. करार आणा बघू, म्हटलं. करारात पार्किंगचा शब्द नव्हता.

चांगले मालक नाहीत असं नाही. अंबाजोगाईत राहणारे एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचा एक फ्लॅट आमच्याकडे. नवा भाडेकरू आला की ते एसटीने येतात, त्याला घेऊन प्रत्येक मजल्यावर जातात. "हे आमचे पाहुणे. काही कमीजास्त झालं तर माझा नंबर तुमच्याकडे आहे." मग त्याला गच्चीवर नेतात आणि टाकीचा व्हॉल्व्ह दाखवतात. तो व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आहे. तो पूर्ण उघडायचा नाही, पाऊण फेराच फिरवायचा. मास्तर स्वतः फिरवून दाखवतात, मग भाडेकरूला फिरवायला लावतात, आणि चुकला तर पुन्हा. त्या फ्लॅटबद्दल माझ्या वहीत एकही तक्रार नाही. मास्तरांचे भाडेकरू काही वेगळ्या मातीचे नसतात. त्यांना पहिल्याच दिवशी कळतं की आपल्या वागण्याचा हिशेब द्यायला कुणीतरी उभा आहे.

मसुदा मी तेव्हापासून बदलला. आता माझ्या करारात शेजारी असतो. किती माणसं राहणार, त्यांची नावं. उपविधीची प्रत भाडेकरूला दिली आणि त्याने वाचली, याची वेगळी सही. टँकर आणि मेंटेनन्स कोण भरणार. गाडी कुठे लागणार. असोसिएशनची दुसरी लेखी तक्रार आली तर मालक महिन्याच्या नोटिशीने करार संपवू शकतो. आणि मालकासाठी एक कलम : तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत तो स्वतः किंवा त्याचा माणूस येऊन बघेल. हे शेवटचं कलम बघून काही मालक दुसऱ्या टेबलाकडे जातात. जाऊ देत.

नोंदणीचा आग्रहही मी सोडत नाही. पूर्वी शंभराच्या बॉन्डवर अकरा महिन्यांचं लिहायचं आणि नोटरी करायची, की झालं. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक गेला, पाचशेचा आला, तरी लोकांची सवय तीच. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही या जुन्या समजुतीतून अकरा महिने आले आहेत. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठी मेख अशी की नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. उलट लिव्ह अँड लायसन्सचा करार नीट नोंदलेला असेल तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. जो मालक हजार-पाचशेची नोंदणी फी वाचवतो, त्याच्या हातात भाडेकरूला चटकन काढायचं साधन उरत नाही; मग शेजाऱ्यांनी त्याच्याकडे कितीही अर्ज दिले तरी तो काय करणार?

इतकं करूनही जिथे हात टेकले असा एक फ्लॅट सध्या आमच्याकडे आहे. मालक वारले. वारस पाच : तीन भाऊ, दोन बहिणी, वाटणीपत्र झालेलं नाही, बहिणी हक्कसोड द्यायला तयार नाहीत. भाडं धाकटा घेतो, तोही तोंडी. भाडेकरूने बैठकीच्या खोलीत शिवणयंत्रं टाकली आहेत, मोटारींची, रात्री बारापर्यंत चालतात, आणि खालच्या घरात दहावीची पोरगी आहे. मोठ्या भावाला पत्र टाकलं तर म्हणाला, भाडं मी घेत नाही. धाकटा म्हणाला, फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर नाही. बहिणींना तर भाडेकरू आहे हेच माझ्या पत्रातून कळलं. मी आता पाचही जणांच्या नावाने नोटीस तयार केली आहे, थकलेल्या मेंटेनन्ससकट. ती बाहेर पडली की पाच जण एकमेकांशी भांडतील हे मला दिसतंय, आणि वाटणीपत्राचं काम बहुधा माझ्याच टेबलावर येईल. खालच्या मजल्यावरच्या पोरीची परीक्षा तेवढी त्याच्या आधी होऊन जाईल.